पेस्ट्री शिकायला परदेशी निघण्यापूर्वी

परदेशी शिकायला जायचं पक्कं झालं की पहिली यादी होते ती बॅगेची. ती होईलच, घरातली चार माणसं मिळून करतात. पेस्ट्रीच्या विद्यार्थ्याला त्याहून महत्त्वाची तयारी वेगळी असते. वर्गात शेफ एखादी कृती बहुधा एकदाच करून दाखवतात आणि लगेच ती आपल्याला करायची असते. तेवढ्या वेळात नजर त्यांच्या हातांवरून हलता कामा नये. पाय दुखतायत, ग्रॅमचा हिशेब जमत नाही, सांगितलेलं कानावर पडलं पण कळलं नाही, यातलं काहीही मध्ये आलं की नेमका तो क्षण निसटतो. म्हणून मला वाटतं, जाण्याआधीची सगळी खटपट त्या एका वेळेसाठी लक्ष मोकळं ठेवायला असावी.

सुरुवात पायांपासून करा. दिवसाचे सात-आठ तास उभं राहायचं असतं, आणि स्वयंपाकघरातली फरशी ओली, तेलकट असते. पुढून बंद असलेले, न घसरणारे बूट आधीच घ्या आणि निघण्यापूर्वी महिनाभर घरात रोज घालून फिरा. नवे बूट पहिल्या दिवशी वर्गात घालणं म्हणजे टाचेला फोड घेऊन आठवडा काढणं. मैद्याचं पोतं बरेचदा पंचवीस किलोचं असतं. ते कंबरेतून वाकून उचलायचं नाही, गुडघे वाकवून उचलायचं. ही सवय घरच्या घरी लागते.

मग मनगट. पायपिंग बॅग, म्हणजे क्रीम भरून टोकाच्या नोझलमधून पिळायची पिशवी, हातात बसायला वेळ लागतो आणि तो वेळ घरी काढता येतो. बटर पेपरखाली सरळ रेघा आणि गोल काढलेला कागद ठेवा, बॅगेत वनस्पती तेलापासून बनवलेलं शॉर्टनिंग, म्हणजे डालड्यासारखं घट्ट तूप, फेटून भरा, रेघांवरून पायपिंग करा, खरवडून परत बॅगेत भरा. तेच मिश्रण पुन्हा पुन्हा वापरता येतं, काही वाया जात नाही. दाब द्यायचा तो बॅगेच्या वर असलेल्या हाताने. दुसरा हात फक्त दिशा देतो. गोल पूर्ण झाला की आधी दाब थांबवायचा आणि मग नोझल उचलायचं. हा क्रम चुकला की प्रत्येक गोळ्याला शेपूट येतं.

कप आणि चमचे विसरा, सगळं वजनावर. व्यावसायिक कृतीत अंडीसुद्धा ग्रॅममध्ये असतात. सोललेलं मध्यम अंडं साधारण 50 ग्रॅम, त्यात पांढरा भाग 30 आणि बलक 20, एवढं तोंडपाठ असू द्या. एक साधा वजनकाटा आणि एक दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, दोन्ही वापरून बघा. जिलेटिन आणि पेक्टिन (दोन्ही मिश्रण घट्ट करायला वापरतात) आणि मीठ छोट्या काट्यावरच तोलायचं. साच्याचा आकार बदलला की कृती किती पट करायची हेही आत्ताच शिका. 16 सेंटिमीटर व्यासाच्या रिंगची (बिनतळाच्या गोल साच्याची) कृती 20 सेंटिमीटरच्या रिंगसाठी करताना दोन्हींचा वर्ग काढून भागायचं, 400 भागिले 256, म्हणजे दीडपटीहून थोडं जास्त. उंची तीच असेल तर हा हिशेब बरोबर बसतो.

तापमानाचे आकडे वहीत नकोत, डोक्यात हवेत. क्रेम आंग्लेज, म्हणजे दूध आणि बलकाचं पातळ कस्टर्ड, 82 ते 84 अंश सेल्सियसवर उतरवायचं. त्यापुढे गेलं की बलक फुटून गुठळ्या होतात. इटालियन मेरँगचा, म्हणजे फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात ओतायचा, साखरेचा पाक 118 ते 121. डार्क चॉकलेट 45 ते 50 अंशांपर्यंत वितळवायचं, 27-28 वर आणायचं, परत 31-32 पर्यंत चढवायचं. मिल्क आणि व्हाइट चॉकलेटचे आकडे याहून थोडे खाली. ही कसरत कशासाठी हे समजलं की आकडे आपोआप लक्षात राहतात. कोको बटर सहा तऱ्हांनी गोठू शकतं. त्यातली पाचवी तऱ्हाच चकाकी आणि तुटताना येणारा टकदिशी आवाज देते. आधी थंड करतो तेव्हा पाचव्याबरोबर खालच्या तऱ्हेचे स्फटिकही धरतात. परत 31-32 पर्यंत नेतो तेव्हा ते वितळून जातात आणि पाचवे तेवढे उरतात. घरी 200 ग्रॅम चॉकलेट घेऊन करून बघा. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. खोली थंड असेल तर पाच मिनिटांच्या आत वाळून चकाकलं पाहिजे. मॅट राहिलं किंवा पांढरट रेघा उठल्या तर परत वितळवा आणि पहिल्यापासून करा.

पुस्तकातली कृती परक्या गावात वेगळी निघते, कारण मैदा आणि बटर बदलतं. फ्रान्समध्ये पिठावर टी 45, टी 55 असे आकडे असतात, जर्मनीत 405, 550. दोन्हीकडे आकडा सांगतो पीठ जाळल्यावर किती राख उरते ते, प्रथिनं किती हे नाही. प्रथिनं पाकिटाच्या मागे वाचावी लागतात. युरोपात बटरमध्ये किमान 80 टक्के स्निग्धांश असावा लागतो, बहुतेक ठिकाणी 82 असतो आणि घड्या घालायला 84 टक्क्यांचं कोरडं बटर घेतात. क्रोसाँच्या घड्या घालताना बटर आणि कणीक सारखीच लवचीक हवी. बटरची लादी वाकवली तर मोडू नये, बोटाला चिकटू नये. थंड बटर लाटताना तडकतं, तुकडे होतात आणि थर तुटतात. गरम झालं तर कणकेत मुरतं आणि ब्रेड तयार होतो. हे हाताला कळेपर्यंत पुस्तकी ज्ञानाचा उपयोग नाही, आणि ते हाताला कळवण्यासारखं दुसरं सुख या विद्येत नाही, असं मला मनापासून वाटतं.

खाण्याविषयीचा निर्णय निघण्यापूर्वीच घ्या. पेस्ट्रीत अंडी आहेतच, जिलेटिन बहुधा डुक्कर किंवा गोवंशाचं असतं, काही क्रीममध्ये रम किंवा किर्श (चेरीची दारू) असते. चाखायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण शाळेला आधी लेखी कळवा, काय चालेल काय नाही ते विचारून घ्या. जिलेटिनचा शाकाहारी पर्याय म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणारा अगार, पण तो उकळल्याशिवाय काम करत नाही आणि जिलेटिनसारखं तोंडात विरघळत नाही, त्यामुळे जिलेटिनऐवजी तेवढ्याच वजनाचा अगार टाकून भागत नाही. ॲलर्जी असेल तर तीही लेखी द्या.

भाषेत वृत्तपत्र वाचता आलं नाही तरी चालेल. मोजमापं, भांडी, हालचाली आणि धोक्याच्या हाका मात्र ऐकता क्षणी कळल्या पाहिजेत. मागून गरम ट्रे घेऊन कोणी जाताना ओरडतं, तेव्हा जागीच थांबायचं असतं, वळायचं नसतं. तुम्हीही ओरडायचं, लाजायचं नाही. सुऱ्या नेत असाल तर त्या चेक-इन बॅगेत, गुंडाळून. अंगठ्या आणि नेलपॉलिश घरी. चटका बसला तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं, त्यावर लोणी किंवा टूथपेस्ट लावायची नाही. एप्रनवरचा अंड्याचा डाग आधी थंड पाण्यात. गरम पाण्याने तो पक्का बसतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. व्हिसावर किती तास काम करता येतं, इंटर्नशिपचा करार कोण करून देतं, आरोग्यविमा सुरू कधी होतो, हे तीनही प्रश्न शाळेला ईमेलने विचारून उत्तरं जपून ठेवा.

खोली घेताना ओव्हन आहे का हे सगळे बघतात. मी म्हणेन, फ्रीज किती मोठा आहे आणि शाळेला पहाटे पोचता येतं का ते बघा. बेकरीतली इंटर्नशिप पहाटे चार-पाचला सुरू होऊ शकते, तेव्हा बस किंवा ट्रेन नसेलही. दिवसभर गोड चाखून पोट भरल्यासारखं वाटतं आणि संध्याकाळी हात थरथरतात, म्हणून डाळ, अंडी, पनीर असं काही आदल्या रात्रीच शिजवून डब्यात ठेवायची सवय करा. झोपायची वेळ निघण्यापूर्वी दोन आठवडे हळूहळू मागे आणत रात्री नऊवर न्या. आणि घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा की आठवड्यातून कोणत्या दिवशी, किती वाजता फोन करणार. बाकी दिवस फोन आला नाही तर त्यांनी घाबरू नये.