नवी स्कूटर: डिलिव्हरीपासून पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत

दसऱ्याला किंवा पाडव्याला गाडी घरी आणायची असेल, तर शोरूमला चक्कर आदल्या दिवशीच मारा. मुहूर्ताच्या सकाळी तिथे हार, पेढे आणि फोटो यांचीच गर्दी. चासी नंबर ताडून बघायला ना तुम्हाला सवड, ना सेल्समनला. आदल्या दिवशी गाडी उजेडात उभी करून निवांत बघता येते.

गाडीवर कोरलेला चासी नंबर आणि इंजिन नंबर बिलावर आणि विम्याच्या कागदावर तंतोतंत तोच आहे ना, हे आधी बघा. मग टायर. त्याच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. १८२५ म्हणजे टायर २०२५ सालच्या अठराव्या आठवड्यातला. तारीख फारच जुनी निघाली तर गाडी बहुधा यार्डात पडून होती, तेव्हा बॅटरीकडे संशयाने बघा. इंजिन चालू न करता चावी ऑन करून हॉर्न दाबा. आवाज घोगरा आला की बॅटरी उतरलेली. शोरूमवाले रात्रभर चार्जिंगला लावून देतील, पण वारंवार उतरलेली बॅटरी फार दिवस टिकत नाही, बदलूनच मागा.

कागदांमध्ये लोक फसतात ते विम्यात. नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा घ्यावाच लागतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर ‘पाच वर्षं’ वाचून माणूस निर्धास्त होतो आणि तेराव्या महिन्यात गाडी चोरीला गेली की हाती काहीच लागत नाही. तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा. पीयूसीही वर्षभरानेच लागते, एकाच आठवणीत दोन्ही उरकतील.

ॲक्सेसरीजच्या यादीत साडी गार्ड, मागच्याने धरायची कडी आणि हेल्मेट यांचे वेगळे पैसे लावले असतील तर विचारा; या गोष्टी नियमानेच गाडीबरोबर मिळायला हव्यात. (हेल्मेटवर वाद घालायची पुण्यात जुनी हौस आहे, ती इथे नको.) लोखंडी गार्डामुळे सोसायटीच्या पार्किंगमधले ओरखडे वाचतात, पण गाडी जड होते. घ्यायचं तर घ्या. जादा लाइट किंवा दुसऱ्या हॉर्नसाठी वायर मात्र कापू देऊ नका. वॉरंटीची भांडणं तिथूनच सुरू होतात.

पूजा हवी तशी करा. फक्त हार हँडलला गुंडाळू नका, वळवताना तो ब्रेकच्या लिव्हरमध्ये अडकतो. पुढच्या पॅनेलवर सोडा आणि गाडी हलवण्याआधी काढा. ओलं कुंकू रंगावर आणि प्लास्टिकवर डाग धरतं, त्याच संध्याकाळी पुसा.

शोरूममधून निघाल्यावर पहिला थांबा पेट्रोल पंप, कारण टाकीत जेमतेम तिथवर पोचण्याइतकंच असतं. टाकी साधारण पाच लिटरची. नोझल आपोआप बंद झालं की पुरे; गळ्यापर्यंत भरलं की जादा पेट्रोल वाफा धरून ठेवणाऱ्या डब्यात शिरतं आणि गाडी अडखळू लागते. टाकी पार कोरडी होईपर्यंत चालवायची जुनी सवयही सोडा. बीएस-६ (आताच्या प्रदूषण नियमांतल्या) गाडीचा इंधनपंप टाकीतल्या पेट्रोलनेच गार राहतो.

त्याच पंपावर हवा बघा, कारण नवी गाडी कशी वाटते हे निम्मं हवेवर ठरतं. वाहतुकीत आणि यार्डात टायर बसू नयेत म्हणून हवा जास्त भरलेली असते आणि डिलिव्हरीच्या वेळी ती कमी करायची राहून जाते. चाळीस पीएसआयच्या टायरवर प्रत्येक गतिरोधक मणक्यापर्यंत पोचतो आणि दोष सस्पेन्शनवर येतो. ११० ते १२५ सीसीच्या बहुतेक स्कूटरना पुढे २२, मागे एकट्याला २९ आणि डबलसीट ३६ च्या आसपास लागते. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो. टायर गार असताना मोजा, लांबून येऊन लगेच नको.

आता चालवण्याचं. पहिले ५०० किलोमीटर ताशी ४०-४५ च्या वर जाऊ नका आणि हजार होईपर्यंत रेस पूर्ण पिळू नका. पिस्टनच्या रिंगा या काळात सिलिंडरच्या भिंतीवर घासून आपली जागा धरतात. तासभर एकाच वेगाने पळवणंही नको, वेग कमीजास्त होत राहिलेला बरा. म्हणजे कर्वे रोड, सिंहगड रोडची गर्दी इथे कामी येते. साताऱ्याची चक्कर पुढच्या महिन्यात. नव्या टायरवर साच्यातला तेलकट थर असतो, त्यामुळे पहिले शंभरेक किलोमीटर वळणावर गाडी झुकवू नका. रस्ता ओला असेल तर झेब्राच्या पट्ट्यांवर आणि ड्रेनेजच्या झाकणांवर ब्रेकच नको.

गिअरच्या गाडीवरून आलेल्यांची एक सवय नव्या स्कूटरला फार महागात पडते: चढावर सिग्नलला ब्रेक न लावता हलक्या रेसवर गाडी धरून ठेवणं. स्कूटरचा क्लच इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की आपोआप पकडतो. अर्धवट रेसवर त्याचे शू (आतल्या पकडणाऱ्या पट्ट्या) बेलवर, म्हणजे बाहेरच्या वाटीवर, नुसते घासत राहतात, तापतात आणि गुळगुळीत होतात. मग गाडी सुटताना थरथरते. चढावर ब्रेकवर थांबा, सुटताना ब्रेक सोडून रेस द्या.

उतारावर उलटी अडचण. गिअर पाडायची सोय नाही, आणि रेस पूर्ण सोडून वेग फार कमी झाला की क्लच सुटतो. गाडी नुसती घरंगळते. सिंहगड उतरताना किंवा कात्रजच्या जुन्या घाटात असं झालं तर किंचित रेस देऊन क्लच पुन्हा पकडू द्या, मग रेस सोडा, इंजिन गाडीला अडवेल. ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा. नाहीतर ड्रम तापून ब्रेक नरम पडतात. डाव्या लिव्हरने मागच्याबरोबर थोडा पुढचा ब्रेकही लागतो, २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना ही सोय सक्तीची आहे. म्हणून उजव्या हाताला सुट्टी देऊ नका; खरी पकड पुढच्याच चाकाची.

डबल स्टँड लावताना गाडी मागून उचलायची नसते. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेत हे पायाला जाणवलं की त्याच्या दांडीवर शरीराचा भार टाका. हाताने फक्त दिशा द्यायची. मंडईजवळ किंवा लक्ष्मी रोडला उभी करण्याआधी पी-१ (विषम तारखेचं पार्किंग), पी-२ (सम तारखेचं) ची पाटी आणि आजची तारीख सम की विषम, हे बघा.

पहिल्या महिन्यात ज्यांनी जीव घाबरा होतो, अशा बऱ्याच गोष्टी निरुपद्रवी असतात. सुरुवातीचे काही दिवस सायलेन्सरजवळ जळकट वास येतो, तो वरचा संरक्षक थर जळण्याचा. गाडी बंद केल्यावरचं टिकटिक म्हणजे तापलेला धातू गार होतोय. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब पडतात, तेही ठीक. दिवसाही हेडलाइट चालू राहतो आणि बंद करायचं बटण सापडत नाही, कारण ते नसतंच. एप्रिल २०१७ पासून तसा नियम आहे. समोरून येणारे एखादे काका अजूनही पंजा उघडमीट करून खुणावतील, मान डोलवा आणि पुढे चला. बटण दाबूनही गाडी चालू होत नसेल तर मेकॅनिकला फोन करण्याआधी साइड स्टँड वर आहे का बघा.

गाडी तातडीने दाखवायची ती वेगळ्या कारणांसाठी. इंजिन चालू असताना मीटरवरचा इंजिनाच्या खुणेचा पिवळा दिवा विझत नाही. पुढचा ब्रेक दाबला की हँडलच्या मुळाशी ‘कट’ आवाज होतो, म्हणजे कोनसेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) ढिला. हवा बरोबर असूनही गाडी एका बाजूला ओढते. किंवा मागचा ब्रेक सोडल्यावरही चाक हाताने मोकळं फिरत नाही. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीपात्रातला रस्ता आणि भिडे पूल विसरा. पाण्यात गाडी बंद पडलीच तर स्टार्टर दाबू नका, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत बाहेर काढा आणि टेम्पोतून न्या.

ॲव्हरेज पहिल्या टाकीवर मोजू नका, इंजिन अजून आवळलेलं असतं. हजार किलोमीटरनंतर नोझल बंद होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तसंच भरा आणि चाललेल्या किलोमीटरना दुसऱ्या वेळच्या लिटरने भागा. मीटरवरचे काटे आणि दांड्या हिशेबाला कामाच्या नाहीत.

पहिलं सर्व्हिसिंग कंपनीप्रमाणे ५०० ते १००० किलोमीटरला किंवा साधारण महिन्याभरात, जे आधी येईल ते. गाडी कमी चालली म्हणून तारीख चुकवू नका, पुढे वॉरंटीत तेच कारण दाखवलं जातं. ‘फ्री’ असते ती मजुरी. ऑइलचे पैसे पडतातच. हे ऑइल बदलणं सर्वांत महत्त्वाचं, कारण रिंगा बसताना निघालेला धातूचा चुरा त्यात असतो. मॉडेलप्रमाणे पाऊण लिटरच्या आसपास लागतं. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच घाला, जाड ऑइलने गाडी ‘शांत’ होते या सल्ल्याला भुलू नका. ऑइलची जाळी साफ करायला, मागच्या ब्रेकचा ढिलेपणा आणि रेसच्या केबलची मोकळीक बघायला जॉब कार्डावर लिहूनच घ्या. तोंडी सांगितलेलं आत पोचत नाही. गाडी घरी आणल्यावर रात्री इंजिनाखाली जुना पेपर पसरा. सकाळी त्यावर ऑइलचा थेंब दिसला तर ड्रेन बोल्टचा वॉशर बदललेला नाही किंवा बोल्ट नीट आवळलेला नाही. पेपरचा फोटो काढून त्याच दिवशी गाडी परत न्या.