हलक्या स्पोर्ट्स कारची उंची आणि स्प्रिंग: आधी मोशन रेशो मोजा

"किती पौंडांची स्प्रिंग घालू?" या प्रश्नाला मोशन रेशो (चाक जितके हलते त्याच्या किती पट शॉक ॲब्सॉर्बर दबतो ते प्रमाण) मोजल्याशिवाय उत्तर नाही. दुसऱ्याच्या गाडीतला आकडा उचलू नका. त्याचे विशबोन (चाकाला चॅसिसशी जोडणारे वर-खाली हलणारे हात) वेगळे, तुमचे वेगळे.

सपाट जमिनीवर चारही चाकांखाली वजनकाटे ठेवा. चालकाइतके वजन सीटवर, टाकी अर्धी, टायरची हवा नेहमीची. प्रत्येक कोपऱ्याच्या वजनातून चाक, ब्रेक आणि हब (चाक ज्यावर बसते तो भाग) यांचे पूर्ण आणि विशबोनचे अर्धे वजन वजा करा; उरते ते स्प्रिंगने पेलायचे वजन.

आता खरे काम. गाडी स्टँडवर पक्की उभी करा, अँटी-रोल बारची (वळणात गाडीचे कलणे रोखणाऱ्या आडव्या दांड्याची) लिंक सोडवा आणि स्प्रिंग काढून नुसता शॉक ॲब्सॉर्बर परत बसवा. जॅकने हब नेहमीच्या उंचीला आणा. तिथून २० मिमी खाली ते २० मिमी वर, दर १० मिमीला शॉकच्या दोन बोल्टांच्या मध्यांतले अंतर टिपा. चाक ४० मिमी हलले आणि शॉक २८ मिमी दबला, तर रेशो ०.७.

घोळ इथेच होतो. चाकाची हालचाल हबच्या मध्याशी मोजा, जॅक टेकला आहे तिथे नाही. काही तक्त्यांत हाच रेशो उलटा, म्हणजे १.४३ असा लिहिलेला असतो; तो तसाच वापरला की हिशेब पार फसतो. शॉक तिरका आहे म्हणून कोनाची वेगळी दुरुस्ती करू नका. शॉकच्या रेषेत मोजलेत, तेव्हाच तो कोन हिशेबात आला. आणि स्प्रिंग काढताना चाकापाशी लागणाऱ्या कडकपणाला रेशोच्या वर्गाने भागायचे असते, म्हणून छोटी चूकही फुगते: ०.७० ऐवजी ०.६५ धरलेत तर स्प्रिंग १६ टक्के कडक निघते.

रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीला पुढे १.६ हर्ट्झ, मागे त्याहून थोडी जास्त वारंवारता (स्प्रिंगवर गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली डोलते ती) ठेवा. समजा पुढच्या कोपऱ्यावर स्प्रिंगने पेलायचे वजन १२५ किलो आहे. ३९.५ गुणिले १.६ चा वर्ग गुणिले १२५ केले की चाकापाशी सुमारे १२,६४० न्यूटन प्रति मीटर, म्हणजे १२.६ न्यूटन प्रति मिमी येतात. त्याला ०.४९ ने, म्हणजे ०.७ च्या वर्गाने भागा: २५.८, म्हणजे साधारण १५० पौंड प्रति इंच. ही स्प्रिंग उभ्या गाडीतच सुमारे ६७ मिमी दबते आणि चाक ६० मिमी वर गेले की आणखी ४२. एवढे दबूनही वेटोळी एकमेकांना टेकणार नाहीत, अशीच लांबी घ्या.

उंची चॅसिसवरच्या ठरलेल्या बिंदूपासून मोजा; मडगार्डवर विसंबू नका. खालचा विशबोन जमिनीला समांतर, किंवा आतले टोक किंचित वर, इथेच थांबा. त्याहून खाली नेलीत तर रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) घसरतो, बंप स्टॉप (शॉक पूर्ण दबण्याआधी अडवणारा रबरी ठोकळा) लवकर लागतो आणि गाडी वळणात अचानक सुटते. शॉकवरची स्प्रिंग टेकवणारी आट्यांची रिंग फिरवल्याने उंची बदलते, स्प्रिंग कडक होत नाही. आटा २ मिमीचा असेल तर एका फेऱ्याला गाडी जवळपास ३ मिमी वर-खाली होते.

जॅकवरून उतरवल्यावर गाडी पुढेमागे ढकलल्याशिवाय मोजू नका. टायर अडकून राहतात आणि उंची खोटी दिसते. विशबोनच्या सांध्यांत रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट याच उंचीवर आवळा.

मग कर्णातली (समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांची) वजने जुळवा, कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) आणि टो (वरून पाहता चाकाचे आत-बाहेर वळणे) शेवटी. बारची लिंकही आत्ताच जोडा, तिची लांबी अशी लावून की बारवर ताण राहणार नाही.