छाटावरून गुळवेल

गुळवेलीला संस्कृतात ‘छिन्नरुहा’, म्हणजे छाटली तरी पुन्हा उगवणारी, असे नाव आहे आणि तिच्या अभिवृद्धीची पद्धत या एका शब्दात आली आहे. बियांच्या उगवणीचा भरवसा नसतो, म्हणून छाट लावणेच सोपे.

छाट घेण्यासाठी मे-जून हा काळ उत्तम. हिवाळ्याच्या अखेरीपासून पाने गळून वेल उघडी पडते आणि बरेच जण ती वाळली असे समजून उपटून टाकतात; तशी घाई करण्यापूर्वी खोडावरचा कागदासारखा पातळ पापुद्रा नखाने सोलून पाहावा, आत हिरवा रंग दिसला तर वेल जिवंत आहे.

निरोगी, पक्व आणि बोटाएवढ्या जाडीच्या खोडाचे १५ ते २० सेंटीमीटर लांबीचे, किमान दोन डोळे असलेले तुकडे करावेत. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळून भरलेल्या पिशवीत एक डोळा मातीखाली जाईल असा छाट उभा रोवावा. वेलीवर असताना जे टोक खाली होते तेच मातीत जावे, यासाठी कापतानाच खालचा काप तिरका आणि वरचा सरळ घ्यावा. पिशव्या सावलीत ठेवून माती ओलसर राहील एवढेच पाणी द्यावे, कारण साचलेल्या पाण्यात छाट मुळे फुटण्यापूर्वीच कुजतो. साधारण महिनाभरात मुळे धरतात, आणि पाऊस स्थिरावला की रोप जमिनीत लावता येते.

आधार मात्र आधीच ठरवावा. कडुलिंबावर चढलेली गुळवेल वैद्य अधिक गुणकारी मानतात. परंतु कोवळ्या झाडावर ती सोडू नये, कारण काही वर्षांत तिच्या पानांखाली त्या झाडाचा शेंडाही दिसेनासा होतो. अंगणात झाड नसेल तर कुंपणाची जाळी पुरते. उंच फांदीवरून दोऱ्यांसारखी हवाई मुळे लोंबू लागली तर ती तोडू नयेत; मधेच वेल तुटली तरी ही मुळे जमिनीपर्यंत पोहोचून तिला पुन्हा उभी करतात.

छाट दुसऱ्याकडून आणताना खोड नीट पाहावे. पिकल्यावर लाल होणारी वाटाण्याएवढी गोल फळे ही गुळवेलीची खूण, पण ती फक्त मादी वेलीवर येतात. खोडावर उठावदार गाठींची दाटी असेल तर ती तिच्याच कुळातील दुसरी वेल असू शकते आणि औषधासाठी ती चालत नाही.