गिमलीला जायचं तर बीच शेवटी

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारची सुट्टी आली की कॅनडातल्या विनिपेगचे आम्ही लोक पाहुण्यांना गाडीत घालतो आणि आठ नंबरच्या हायवेने विनिपेग तळ्याकाठचं गिमली गाव गाठतो. नव्वदेक किलोमीटर. बहुतेक जण थेट वाळूत पथारी पसरतात, वायकिंगच्या पुतळ्यापाशी (१९६७चा आहे) फोटो काढतात आणि परत फिरतात. माझ्याबरोबर येणाऱ्यांना ते चालत नाही. गाव ज्या क्रमाने घडलं, त्याच क्रमाने बघायचं.

म्हणून आधी गावाच्या दक्षिणेला विलो पॉइंट. २१ ऑक्टोबर १८७५ रोजी आइसलँडची कुटुंबं इथे उतरली. खरं तर त्यांना आणखी उत्तरेला जायचं होतं. 'कोलव्हिल' नावाची आगबोट त्यांच्या चपट्या तळाच्या होड्या ओढत होती, पण हवा बिघडली आणि दोर इथेच सोडावे लागले. तिथला पांढरा खडक बघा आणि ऑक्टोबर अखेरीला हे तळं कसं असतं, याची कल्पना करा. थोड्याच दिवसांत ते गोठतं! आस्क्या ज्वालामुखीच्या राखेमुळे देश सोडलेल्यांचा मोठा जथा पुढच्या वर्षी आला, आणि त्याच हिवाळ्यात देवीची साथ. शंभरेक आइसलँडकर दगावले. शेजारच्या मूळनिवासी वस्त्यांवरही तोच घाला पडला.

मग न्यू आइसलँड हेरिटेज म्युझियम. तिथे घाई करू नका. साथ ओसरल्यावर, सप्टेंबर १८७७ मध्ये, गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरिन इथे येऊन गेले. झोपड्यांच्या भिंती उघड्या, सामान जेमतेम, तरी प्रत्येक घरात वीस-तीस पुस्तकं, असं त्यांनी भाषणात सांगितलं. त्याच वर्षी 'फ्रामफारी' हे आइसलँडिक वर्तमानपत्रही निघालं. पोटाला पुरेसं नाही आणि छापखाना हवा! मला या लोकांचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं.

या सुट्टीत गिमलीत जो उत्सव भरतो, त्याचं नाव ईस्लेंदिंगादागुरिन. पाठ करायच्या भानगडीत पडू नका, 'आइसलँडिक फेस्टिव्हल' म्हटलं तरी चालतं. १८९० मध्ये तो विनिपेगला सुरू झाला आणि १९३२ पासून गिमलीत भरतो. मिरवणूक सोमवारी असते, तेव्हा सकाळी लवकर पोहोचून गाडी लांबच लावा. मिरवणूक संपली की गर्दी पांगते, पण तुम्ही पार्कातल्या कार्यक्रमाला थांबा. पांढरा झगा, त्यावर हिरवा शेला, कमरेला सोनेरी पट्टा आणि डोक्यावर मुकुट अशा थाटात फ्याल्कोना येते. ही सौंदर्यस्पर्धेतली राणी नव्हे. समाजासाठी खपलेल्या ज्येष्ठ बाईला हा मान मिळतो, आणि आइसलँड भूमीच्या वतीने ती सगळ्यांशी बोलते. ही प्रथा १९२४ पासूनची.

मुलं कंटाळली की बंदरावर न्या. पाण्यावर आडवा टाकलेला निसरडा खांब, त्यावर समोरासमोर बसलेले दोघं, हातात उशीसारख्या पिशव्या. धपाधप हाणामारी, मग एक जण धप्पकन पाण्यात. पुढे उभे राहिलात तर तुम्हीही भिजणार.

खायला तळलेला पिकरेल मासा, आणि व्हीनारतेर्ता: पातळ थर, मधे वेलदोडा घातलेलं सुक्या प्लमचं सारण, एकावर एक सात. वर आयसिंग असावं की नसावं, यावर इथल्या घराघरांत वाद आहेत. तुम्ही बाजू घेऊ नका. मिळेल तो तुकडा घ्या आणि आता खुशाल बीचवर जा.