आईवडील गेलेलं मूल नातेवाइकांकडेच वाढावं म्हणून: शोध, गृहभेट, अहवाल आणि कागद

आईवडील दोघेही गेले, किंवा एक गेला आणि दुसऱ्याने वेगळं घर मांडलं, की गावातून पहिली सूचना येते ती मुलाला बोर्डिंगात टाकायची. बाल न्याय कायदा 2015 मात्र संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. आजी, मामा, चुलता, लग्न झालेली बहीण, यांच्यापैकी कुणी सांभाळण्याजोगं असेल तर मूल तिथेच राहावं. नातेवाईक गरीब आहेत म्हणून नको, असं म्हणायचं नाही. गरिबीसाठी योजना आहेत.

कुणीच सोबत नसलेलं मूल आढळलं तर 1098 या बालमदत क्रमांकावर कळवा. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत ते बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांनी कुठे राहायचं ते ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, हजर व्हायला हवं. मूल आधीच आजीकडे राहत असेल तर घाई नाही, पण समितीचा आदेश लागतोच. नातेवाइकांनी आपसांत लिहून घेतलेला स्टॅम्प पेपर त्याची जागा घेत नाही.

नातेवाईक शोधताना बापाच्या भावकीवर थांबू नका. आईचं माहेर बहुतेक वेळा यादीतून सुटतं, आणि मुलाची ओढ तिथेच असते. "तुला कुणाकडे राहायचंय?" हा प्रश्न सगळ्यांदेखत विचारला तर मूल समोरच्या मोठ्या माणसाचंच नाव घेतं. त्यापेक्षा सुट्टीत कुठे जातोस, ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं, असं विचारा. किमान दोन नावं हाती ठेवा.

गृहभेट हा या कामाचा गाभा, आणि सगळ्यात जास्त उरकाउरकी तिथेच होते. पहिली भेट कळवून, दुसरी न कळवता. दोन्हींतली एक तरी दिवेलागणीनंतर करा. दुपारी बारा वाजता घरात म्हातारी तेवढी भेटते, कमावता माणूस आणि त्याची दारू दोन्ही नजरेआड राहतात. मुलाचं दप्तर कुठे टांगलंय, अंथरूण कुठे पडतं, घरच्या पोरांबरोबर ते जेवायला बसतं की मागून, हे बघा. मुलाशी एकट्याने बोलायचं ते शाळेच्या व्हरांड्यात: लोकांना दिसेल, ऐकू जाणार नाही, अशा जागी. अंगणवाडी सेविका, वर्गशिक्षक आणि एक शेजारी, तिघांना वेगवेगळं भेटा.

बीड, अहिल्यानगरकडे एक प्रश्न हमखास विचारावा: दिवाळीनंतर या घरातलं कोण ऊसतोडीला जाणार? उचल (मुकादमाकडून आगाऊ पैसे) घेतलेली असेल तर मूल सहा महिने एकतर फडावर जाईल, नाहीतर थकलेल्या आजीजवळ राहील. पावसाळ्यात केलेल्या भेटीत हे दिसतच नाही.

या भेटींवरून लिहिलेला सामाजिक तपासणी अहवाल समितीला 15 दिवसांत द्यायचा असतो. त्यात विशेषणं नकोत. "परिस्थिती हलाखीची" यावरून समितीला काहीच ठरवता येत नाही. "पत्र्याची एक खोली, पाच माणसं, मामा गवंडीकामाला, महिन्यात पंधरा-वीस दिवस काम, मुलगी आजीजवळ झोपते, शौचालय सामायिक" असं लिहा. मुलाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत उतरवा.

पैशासाठी दोन वाटा आहेत. राज्याच्या बालसंगोपन योजनेत दरमहा 2,250 रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वात 4,000, पण त्याला वार्षिक उत्पन्नाची अट आहे: ग्रामीण भागात 72,000, इतरत्र 96,000. एका मुलासाठी दोन्ही घेता येत नाहीत, म्हणून अर्ज करण्याआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करा. बालसंगोपनाला साधारण एवढे कागद लागतात: मुलाचं आणि पालकाचं (म्हणजे सांभाळणाऱ्या नातेवाइकाचं) आधार, शाळेचा बोनाफाइड, मृत्यूचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, पासबुक, घरासमोर मूल आणि पालक यांचा एकत्र फोटो.

अडतं कुठे? आधारवर "सोनाली", बोनाफाइडवर "सोनल". खातं आहे, पण आधारशी जोडलेलं नाही, त्यामुळे मंजूर पैसेही जमा होत नाहीत. मृत्यूची नोंदच केलेली नसते; वर्ष उलटलं की त्यासाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. ही तिन्ही कामं अर्ज टाकण्याआधी उरका. पैसे दरमहा वेळेवर येतीलच असं नाही, हे पालकाला पहिल्याच दिवशी सांगा. या भरवशावर कर्ज काढणारे मामा भेटतात.

जमीन असेल तर तलाठ्याकडे वारस नोंद लगेच करून घ्या आणि सातबाऱ्यावर मुलाचं नाव अपाक (अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वारस अल्पवयीन) म्हणून लागलं का ते स्वतः वाचा. मुलाला ठेवून घ्यायला अचानक उत्साही झालेल्या चुलत्याबद्दल अहवालात जमिनीचा उल्लेख असायलाच हवा.

आदेश झाला की कार्यकर्ते गायब होतात, तेव्हाच खरी गरज असते. पहिला महिना आठवड्याला एक फेरी, पुढे वर्षभर महिन्याला एक. शाळेची हजेरी बघा. अंथरूण ओलं होणं, गप्प राहणं हे सुरुवातीला चालायचंच. तीन महिन्यांनंतरही तसंच असेल तर समुपदेशक गाठा. मुलगी चौदा-पंधराची झाली की स्थळांची कुजबुज सुरू होते. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. ओळख आधीच करून ठेवा. मदत वाटपाचे फोटो ग्रुपवर टाकू नका, कलम 74 नुसार मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे.

कधीकधी घर टिकत नाही. मामी आजारी पडते, भांडण होतं. तेव्हा मुलाला परस्पर हलवू नका; समितीला कळवा आणि अहवालातलं दुसरं नाव पुढे करा. त्या दुसऱ्या घराला वर्षातून एकदा तरी भेट दिलेली असेल तर समितीपुढे सांगण्यासारखं काही हाती असतं.