नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याचा आणि त्याच्या बुरुजाचा इतिहास कसा काढावा

सुरुवात कागदांपासून नको, भिंतीपासून करा. बुरूज मूळ भिंतीला जिथे टेकतो तिथला गिलावा पडला असेल तर सांधा बघा. विटांचे थर एकमेकांत दातासारखे गुंतले असतील, तर बांधकाम बहुधा एकाच वेळचं. वरपासून खालपर्यंत सरळ फट दिसली, तर बुरूज मागाहून जोडलेला समजा. पातळ वीट आणि चुना जुने, सांध्यांत भरलेलं सिमेंट नंतरचं; पण एखाद्या डागडुजीवरून अख्ख्या भिंतीचं वय ठरवू नका. गिलावा मुद्दाम खरवडायचा नाहीच.

शिलालेखावर खडू किंवा तेल लावू नका. अंधार पडल्यावर बाजूने, तिरपा टॉर्च धरून फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात. शके असेल तर इसवी सनासाठी 78 मिळवा. पौष-माघ-फाल्गुनातली तारीख बहुतेकदा 79 मिळवल्यावर जुळते.

मग नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिकेची (प्रॉपर्टी कार्डाची) नक्कल घ्या. फेरफाराच्या, म्हणजे मालकी बदलल्याच्या, नोंदी उलट्या क्रमाने, आजपासून मागे वाचा. गोंधळ इथेच होतो: आजोबा-नातवाचं नाव एकच, दत्तकामुळे वडिलांचं नाव बदललेलं, वॉर्ड नि घरनंबर नवे. म्हणून नावापेक्षा चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंना कोण किंवा काय आहे ते, जुळवा. खरेदीखतातला पूर्वेचा शेजारी पुढच्या खतातही सापडला, तर जागा तीच.

पत्रिकेत मालक मिळतो, राहणारे नाहीत. भाडेकरूंसाठी जुन्या मतदार याद्या आणि महापालिकेचं कर आकारणी रजिस्टर पाहा. 1853 मध्ये नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले वारले, मग राज्य खालसा झालं. त्याआधीच्या मराठी कागदांसाठी मोडी वाचणारा माणूस सोबत लागेलच.