कारखान्याची धुराडी पेटायच्या आत दावणीला लस

दसरा झाला. बेळगाव-खानापूरच्या बाजूला भाताची कापणी सुरू आहे आणि निपाणी, चिकोडी, अथणीकडं उसाच्या फडाजवळ तोडणी टोळ्यांच्या कोप्या (झोपड्या) उभ्या राहायला लागल्यात. आता दोन-चार महिने आपल्या भागात जनावरांची जेवढी ये-जा होते, तेवढी वर्षभरात होत नाही. बीडकडून टोळ्यांचे बैल येतात, दिवाळीनंतर बाजार भरतात, सौंदत्तीच्या यल्लम्माला गाड्या जुंपल्या जातात आणि माघात चिंचलीच्या मायाक्काला गाड्यांची रांग लागते. तोंडाला आणि खुरांना फोड आणणारी लाळ्या-खुरकूत याच वाटेनं फिरते. म्हणून माझं सांगणं एकच आहे: या हंगामाची लस आत्ताच, पहिली गाडी रस्त्यावर यायच्या आधी टोचून घ्या.

घाई कशासाठी, तर लस टोचली आणि दुसऱ्या दिवशी जनावर सुरक्षित झालं, असं होत नाही. अंगात ताकद तयार व्हायला दोन ते तीन आठवडे जातात. शेजारच्या गोठ्यात लाळ गळायला लागल्यावर डॉक्टरांना फोन करणारे आपण बरेच जण आहोत. तोवर उशीर झालेला असतो.

सप्टेंबर 2019 मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यातून ही लस दर सहा महिन्यांनी फुकट मिळते. वासरू-रेडकू चार महिन्यांचं झालं की पहिला डोस, महिन्याभरानं दुसरा, आणि पुढं दर सहा महिन्याला एक. अगदी दिवस भरत आलेल्या गाभण जनावराला थांबवतात, पण ते व्याल्यावर आठवणीनं टोचून घ्यावं लागतं. बहुतेक गोठ्यांत राहून जातं ते हेच जनावर. आणखी एक. "मागच्या साली खुरकूत येऊन गेली, आता कशाला?" असं पारावर ऐकू येतं. हा विषाणू एका जातीचा नाही. आपल्या देशात ओ, ए आणि एशिया-1 असे तीन प्रकार फिरतात. एक येऊन गेला म्हणून दुसरा अडत नाही. लसीत तिन्ही असतात.

"लस दिली की दूध आटतं" ही तक्रार खोटी नाही. दोन-तीन दिवस घट दिसते, कधी अंगात कणकणही येते. पण हिशेब मांडून बघा. आठ लिटरची म्हस आणि पन्नास रुपये दर धरू. लसीनंतर रोज एक लिटर तुटलं, तर तीन दिवसांचे दीडशे रुपये गेले. तीच म्हस खुरकुतीनं बसली आणि दूध दोन लिटरवर आलं, तर एकवीस दिवसांत 6,300 रुपये गेले. बरी झाल्यावरही ती आठावर परत चढेलच असं नाही. सहावर अडकली, तर पुढच्या दीडशे दिवसांत आणखी 15,000. गाभण राहायला चार महिने लांबले आणि रोजची वैरण-पेंड दीडशेची धरली, तर 18,000 त्यात मिळवा. एका म्हशीमागं एकोणचाळीस हजारांच्या वर! औषधपाणी यात धरलेलं नाही. शिवाय इंजेक्शनं चालू असताना दूध डेअरीला घालता येत नाही. टोळीच्या बैलाचं तर विचारूच नका. ऐन हंगामात बैल पंधरा-वीस दिवस लंगडला, तर हंगामाआधी उचल (आगाऊ पैसे) घेतलेलं घर कर्जातच राहतं.

हे मी लांबून बघून सांगत नाही. काही वर्षांमागं बाजारातून एक दुसऱ्या वेताची म्हस आणली. कास बघितली, दात बघितले, दर पाडला. कानात बिल्ला आहे का, लस कधी झाली, हे काही विचारलं नाही. संध्याकाळी तिला ओवाळलं आणि लगेच घरच्या दावणीला शेवटच्या खुंट्याला बांधलं. चौथ्या दिवशी पहाटे गोठ्यात चटचट आवाज येत होता. ती तोंड मिटत-उघडत होती आणि दोरीसारखी लाळ जमिनीपर्यंत लोंबत होती. आठवड्यात पाचही जनावरांना लागण झाली. एक रेडकू मात्र लाळ न गळता, पाय न सुजता, आईच्या सडाला तोंड लावल्या लावल्या कोसळलं. या रोगात लहान वासरांचं काळीज धरतं, हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. विकणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग? तिला दावणीला मीच बांधलं होतं.

तेव्हापासून नवीन जनावर आणलं की एकवीस दिवस वेगळं ठेवतो. वेगळं म्हणजे गोठ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात नव्हे, तर घराच्या दुसऱ्या अंगाला किंवा शेतातल्या छपरात. त्याची बादली वेगळी, दावं वेगळं, पाण्याची डोण वेगळी. आधी घरची जनावरं करायची, शेवटी त्याच्याकडं जायचं. धार काढणारा माणूस एकच असेल तर हात-पाय साबणानं धुवायचे आणि तिथली चप्पल तिथंच काढायची. जागा नाही म्हणणाऱ्यांना मी सांगतो, तीन आठवडे जागा काढा. नंतर तीन महिने काढावे लागत नाहीत.

वाड्याचं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचं, तर आवर्जून सांगतो, कारण सल्ल्याच्या पत्रकात ते कुठं लिहिलेलं नसतं. फडातलं हिरवं वाडं आपण भारे बांधून घरी आणतो. त्याच फडात टोळीचे बैल रात्रभर बसलेले असतात आणि त्याच वाड्यात तोंड घालतात. टोळीत एखादा बैल लाळ गाळत असेल किंवा पाय झटकत असेल, तर त्या फडातलं वाडं चार पैसे वाचत असले तरी आणू नका. बैलांच्या डोणीत आपली जनावरं पाजू नका. जत्रेला जाणाऱ्यांनी पेंडी आणि बादली घरची न्यावी, आणि परत आलेला बैल थेट दावणीला बांधू नये.

इतकं करूनही आजार आलाच, तर आजारी जनावर बाजूला घ्या आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 1962 वर फोन केला तर फिरता दवाखाना येतो. साथीचा आजार कळवणं 2009 च्या केंद्रीय कायद्यानं मालकावर बंधनकारकही आहे. तोंड पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यानं धुऊन व्रणांवर बोरोग्लिसरीन लावा. खुरं धुवा, कोरडी करा आणि माशी बसणार नाही असं मलम लावा. आसडी (जखमेत अळ्या) पडू दिली की पाय महिनाभर बरा होत नाही. खायला मऊ हिरवं, कण्या, पेज द्या. कडबा नको, जीभ सोललेली असते. जमिनीवर आणि दारात दहा लिटर पाण्यात 400 ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून शिंपडा. खाण्याचा सोडा चालत नाही. आजारी आईचं कच्चं दूध वासराला पाजू नका, उकळून थंड केलेलं पाजा. आणि ते जनावर विकायला बाजारात नेऊ नका. पाच हजार वाचवायला आपण पाच गावांत रोग पोचवतो.

लंपीची, म्हणजे अंगावर गाठी येणाऱ्या रोगाची, लस वर्षातून एकदा. यात संकरित गाई जास्त सापडतात, म्हशी कमी. डास, गोमाशी, गोचीड हे त्याचे वाहक असल्यानं संध्याकाळी कडुलिंबाचा धूर करा आणि शेणाचा ढीग गोठ्यापासून लांब टाका. घटसर्प (यात गळा सुजतो) आणि फऱ्या (यात मांडी-खांद्याचं मांस सुजतं) यांची लस पावसाळ्याआधीची. यंदा चुकली असेल तर पुढच्या मे महिन्यासाठी आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. शेळ्या-मेंढ्यांना पीपीआर या साथीच्या रोगाची लस एकदा दिली की साधारण तीन वर्षं पुरते. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-रेडींना ब्रुसेलोसिसची (गाभ पाडणाऱ्या रोगाची) लस आयुष्यात एकदाच द्यायची असते. वय उलटलं की संधी गेली. हा रोग कच्च्या दुधातून आणि गाभडलेल्या जनावराचा जार (वार) उघड्या हातानं काढताना माणसालाही लागतो, तेव्हा हातमोजे घाला.

सीमाभागातली आपली अडचण थोडी वेगळी आहे. रिक्षावरच्या भोंग्यातून कन्नडमध्ये दवंडी येते, आपल्या म्हाताऱ्यांना ती कळत नाही आणि लसीचा दिवस निघून जातो. तर एवढे शब्द ध्यानात ठेवा: कालुबायी रोग म्हणजे लाळ्या-खुरकूत, गंटलु बेने म्हणजे घटसर्प, चप्पे बेने म्हणजे फऱ्या, चर्मगंटु रोग म्हणजे लंपी. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर दोन्ही राज्यांत एकच चालतो. कोल्हापूर-सांगलीकडून जनावर आणलं तर तो नंबर दवाखान्यात दाखवून आपल्या नावावर करून घ्या. 2022 च्या लंपीत गाय दगावली तर कर्नाटकात 20 हजार आणि महाराष्ट्रात 30 हजार, बैल दगावला तर कर्नाटकात 30 आणि महाराष्ट्रात 25 हजार अशी मदत होती. बिल्ला नाही, नोंद नाही, डॉक्टरांना कळवलेलं नाही, अशा मालकाला कुठल्याच बाजूची मदत मिळवणं सोपं नाही.

लस टोचायला माणसं गावात येतील तेव्हा त्यांना फक्त आपल्या गल्लीतून परत पाठवू नका. फडाकडच्या कोप्यांपर्यंत घेऊन जा. टोळीतल्या माणसांना इथला दवाखाना ठाऊक नसतो, भाषा येत नाही आणि पहाटेपासून ती तोडीवर असतात. त्यांचे बैल दुपारी सावलीला बांधलेले असतात, तीच वेळ धरा. मुकादमाला आदल्या दिवशी सांगून ठेवलं, तर तासाभरात सगळी टोळी टोचून होते.